गाळणं आणि आंबवणं

महाराष्ट्रात २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला वाइन विकत घेता येते. नाशिकला जाऊन द्राक्षबागेत बसून ती चाखता येते, हॉटेलात मागवता येते, कुणाला भेट देता येते. कंपनी काढून आणि परवाना घेऊन तिचं लाखो लिटर उत्पादनही करता येतं. त्यासाठी २००१ पासून सरकारचं खास द्राक्ष प्रक्रिया धोरण आहे. मात्र मंडईतून दोन किलो जांभळं आणून, साखर-पाणी घालून, ओट्याखालच्या बरणीत चार लिटर वाइन स्वतःपुरती करणं हा गुन्हा आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्याचं बारावं कलम परवान्याशिवाय दारू तयार करायला मनाई करतं, पासष्टावं कलम त्यासाठी कैद सांगतं, आणि दारूच्या व्याख्येत अल्कोहोल असलेले सगळे द्रव येतात. किती लिटर, कशापासून, विकायला की घरच्या चार माणसांत प्यायला, या प्रश्नांनी गुन्हा टळत नाही.

टळावा, असं माझं म्हणणं आहे. ते नीट मांडायचं तर सुरुवात कायद्यापेक्षा भाषेपासून करावी लागते.

मराठीत दारू ‘गाळतात’ किंवा ‘पाडतात’. दोन्ही क्रियापदं भट्टीची. खाली जाळ, वर पिंप, नळीतून थंड होत ठिबकणारा अर्क. वाइनला जाळ लागत नाही. फळांचा रस, साखर, यीस्ट आणि वेळ एवढ्यावर ती होते. भांडं तापवायचं तर नसतंच, उलट उन्हाच्या झळीपासून जपायचं असतं. या कृतीला आपल्याकडे रोजच्या वापरातलं स्वतःचं क्रियापद नाही. त्यामुळे ‘मी घरी वाइन करतो’ असं कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काळा गूळ, नवसागर आणि ओढ्याकाठी पुरलेली पिंपं उभी राहतात. छाप्याच्या बातमीत या आंबवलेल्या द्रवाला ‘कच्चं रसायन’ म्हणायची पद्धत आहे. इतके लिटर रसायन जागीच नष्ट केलं, असं छापून येतं. आयुर्वेदाच्या हिशेबाने च्यवनप्राश हेही रसायनच, पण तो विनोद सध्या बाजूला ठेवू.

गंमत अशी, की आंबवण्याच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघर मुळीच अडाणी नाही. दूध नासतं, दही विरजतं, आमटी विटते, पीठ आंबतं, फळ कुजतं. सूक्ष्मजीवांच्या कारभाराचे इतके बारीक भेद ज्या भाषेने नावानिशी ओळखले, तिला आंबण्याची भीती वाटायचं कारण नाही. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, हे कुणी प्रयोगशाळेत शिकवलं नाही. लोणच्याच्या बरणीला दादरा कधी बांधायचा, ओला हात का लावायचा नाही, मीठ कमी पडलं तर काय होतं, हे ज्ञान आजीकडून आईकडे तोंडी आलं. वाइन ही याच ज्ञानाची चुलत बहीण आहे. तिचं नातं भट्टीशी जोडलं गेलं ही चूक, आणि कायदा ती चूक गृहीत धरून चालतो.

मी हे शिकलो इंग्लंडात. नोकरीनिमित्त मिडलंड्समधल्या एका लहान गावात काही वर्षं राहिलो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या गॅरेजात गाडी नव्हती. साडेचार-साडेचार लिटरच्या काचेच्या गोल बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात फळाचं नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी. ऑगस्ट-सप्टेंबरात कालव्याच्या काठाने ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या लगडतात. आपल्या करवंदाच्या जाळीसारखाच प्रकार, हात ओरबाडून घ्यायची तयारी हवी. दोन किलो फळं खुडून आणली, चेचली, वर उकळतं पाणी ओतलं. निवल्यावर सल्फाइटची एक गोळी चुरून घातली. आपल्याकडे सरबतं आणि स्क्वॉश टिकवायला जे केएमएस वापरतात, तेच हे. फळाच्या सालीवर येणारं रानटी यीस्ट आणि जिवाणू त्याने दबतात. दुसऱ्या दिवशी पाकिटातलं निवडक यीस्ट घातलं. चार-पाच दिवस फडक्याखाली ठेवून रोज ढवळलं, मग चोथा गाळून, सव्वा किलो साखर विरघळवून सगळं बरणीत भरलं. तोंडाला एअरलॉक, म्हणजे पाणी भरलेली वाकडी नळी. आतला वायू बाहेर पडतो, बाहेरची हवा आणि चिलटं आत जात नाहीत.

त्या नळीतून येणारा टुबुक-टुबुक आवाज हाच या छंदाचा पहिला आनंद. पहिल्या आठवड्यात तो सेकंदासेकंदाला येतो, तिसऱ्या आठवड्यात मिनिटाला एकदा, आणि मग एके रात्री आपल्या लक्षात येतं की घर शांत झालं आहे. या आवाजाचा हिशेब गे-ल्युसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. जवळजवळ निम्मी साखर बुडबुड्यांवाटे हवेत जाते. पण हे सगळं घडवतं कोण, हे सांगायला पाश्चर यावा लागला. आंबणं ही नुसती रासायनिक घडामोड नसून जिवंत पेशींचं जगणं आहे, हे त्याने १८५७पासूनच्या काही वर्षांत दाखवून दिलं आणि १८६६मध्ये वाइनच्या रोगांवर अख्खं पुस्तक लिहिलं. आज आपण दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ वाचतो, पण ती पद्धत त्याने आधी वाइन टिकवण्यासाठी बसवली होती.

हायड्रोमीटर नावाची एक काचेची नळी असते. रसात सोडली की साखरेच्या प्रमाणात वर तरंगते. सुरुवातीला १.०९० दाखवणारी नळी शेवटी १.०००च्या खाली उतरली, की साधारण बारा टक्के अल्कोहोल झालं असं समजावं. लिटरमागे १७ ग्रॅम साखर म्हणजे एक टक्का, हा दुसरा ठोकताळा. मी मराठी माध्यमात घनता शिकलो होतो, आर्किमिडीजची गोष्ट पाठ होती, पण तिचा उपयोग बेचाळिसाव्या वर्षी त्या गॅरेजात कळला.

आणि चुका. पहिली वाइन खोकल्याच्या औषधासारखी झाली. दुसऱ्या खेपेला यीस्ट उपाशी राहिलं आणि आठवडाभर घरात सडक्या अंड्यांचा वास होता. तिसरी खेप एल्डरफ्लॉवरची, म्हणजे त्या भागात झुडपांवर येणाऱ्या पांढऱ्या फुलांची. नळीतले बुडबुडे थांबले म्हणून मी बाटल्या भरून बुचं घट्ट बसवली. ते थांबले नव्हते, थंडीने झोपले होते. मे महिन्यात हवा तापली आणि रात्री दोन वाजता कपाटात तीन बाटल्या एकामागून एक फुटल्या. बायकोने पोलिसांना बोलवायची तयारी केली होती. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी काचा उचलायला मदत केली आणि एकच वाक्य बोलले: घाई केलीस.

या छंदाबद्दल सांगण्यासारखं मुख्य ते एवढंच. तयार व्हायला सहा आठवडे, निवळायला सहा महिने, आणि तोंडात धरण्यासारखी व्हायला वर्ष. गाळ खाली बसला की वरची निवळ नळीने दुसऱ्या बरणीत ओढून घ्यायची, पुन्हा थांबायचं, पुन्हा ओढायची. एवढं करून हातात येतात सहा बाटल्या. त्यातली एक शेजाऱ्याला, एक पाहुण्यांना, एक पुढच्या वर्षी काय फरक पडतो ते बघायला. स्वतः केलेलं पेय माणूस दुकानातून आणलेल्यासारखं ढोसत नाही. आपण विणलेल्या स्वेटरने कुणी गाडी पुसत नाही, तसं.

त्या गावात सप्टेंबरात भाजीपाल्याचं प्रदर्शन भरे. सगळ्यांत मोठा भोपळा, सगळ्यांत सरळ गाजर, असं. एका लांब टेबलावर जॅम, लोणची, केक आणि त्यांच्याच ओळीत घरगुती वाइनच्या बाटल्या. परीक्षक बाई जॅमचा चमचा पुसून ठेवायच्या आणि वाइनचा पेला उचलायच्या. मला त्या टेबलाचा फार हेवा वाटला. वाइन कुठल्या टेबलावर ठेवायची हा प्रश्न त्या समाजाने सोडवला होता.

पण त्यांनाही तो एका दिवसात सुटला नाही. ब्रिटनमध्ये १८८०च्या कायद्याने घरी बीअर करणाऱ्याला परवाना घ्यावा लागे. १९६३च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो काढून टाकला. अमेरिकेची गोष्ट तर आपल्याला जास्त बोलकी आहे. तिथे १९२० ते १९३३ कडक दारूबंदी होती, तरी त्याच कायद्यात फळांचा रस घरी आंबवणाऱ्यांसाठी एक फट ठेवलेली होती, आणि त्या काळात कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागा घटण्याऐवजी वाढल्या. पुढे १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बीअरलाही मोकळीक मिळाली. तिथली मर्यादा एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे पावणेचारशे लिटरच्या वर. ही मर्यादा मला अघोरी वाटते. पण दोन्ही देशांत एक रेघ पक्की आहे. आंबवणं घरात चालतं. गाळायला परवाना लागतो.

ही रेघ मनमानीने ओढलेली नाही. यीस्टला स्वतःच तयार केलेलं अल्कोहोल एका मर्यादेपलीकडे सोसत नाही. रानटी जाती चार-पाच टक्क्यांतच मान टाकतात, पाळीव यीस्ट चौदा-पंधरापर्यंत तग धरतं. वाइन निसर्गतःच तिथे थांबते. भट्टी ही मर्यादा ओलांडते, शिवाय तिला आग लागते, वाफ लागते. विषबाधेच्या भीतीबद्दलही इथेच बोललं पाहिजे, कारण कुठल्याही बैठकीत हा विषय निघाला की तिसरं वाक्य ‘आणि माणसं मेली तर?’ हे असतं. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. ती मिथेनॉलने गेली, आणि ते मिथेनॉल कुठल्या फळातून आलेलं नव्हतं, कारखान्यात वापरायचं होतं; स्वस्तात नशा चढावी म्हणून दारूत मिसळलेलं. फळांतल्या पेक्टिनमुळे वाइनमध्ये मिथेनॉल येतं, पण अत्यल्प. चार लिटर जांभळाच्या वाइनने आंधळं व्हायचं तर त्याआधी माणूस तिच्यातल्या साध्या अल्कोहोलनेच आडवा झालेला असेल. नफ्यासाठी भेसळ करणारा आणि स्वतःच्या पेल्यासाठी बरणी राखणारा, हे दोघे एकाच कलमात बसवून कायदा कुणाचा जीव वाचवतो, हे मला कळलेलं नाही.

‘आपली संस्कृती’ म्हणून काही जण कपाळाला आठ्या घालतात. त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. कौटिल्याने अर्थशास्त्रात दारूच्या कारभारासाठी सुराध्यक्ष नेमला आहे. किती विकायची, कुठे विकायची, याचे कडक नियम आहेत, दंड आहेत. आणि त्याच प्रकरणात कुटुंबवत्सल माणसांना घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायला मोकळीक दिली आहे. उत्सव-यात्रांत चार दिवसांची सूट आहे. द्राक्षाच्या वाइनला तिथे ‘मधु’ म्हटलं आहे आणि ती कुठल्या प्रदेशाची चांगली हेही सांगितलं आहे. म्हणजे कडक कर गोळा करणाऱ्या त्या राज्यव्यवस्थेलाही घर आणि बाजार यांतला फरक कळत होता. चरकसंहितेत ८४ प्रकारच्या आसवांची गणना आहे: फळांची, मुळांची, फुलांची, सालींची. आजही द्राक्षासव आणि अशोकारिष्ट धायटीची फुलं घालून आंबवतात, त्यांत अल्कोहोल असतं, आणि औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळतात. १९५१मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचा दारूबंदी कायदा बव्हंशी उचलून धरला, पण औषधी आणि प्रसाधनांतल्या अल्कोहोलवरची बंदी रद्द केली. तेव्हापासून एवढं तरी कायद्याने मान्य केलं आहे, की अल्कोहोल असलेली प्रत्येक बाटली सारखी नसते.

मग घरात करण्याचा गुन्हा झाला कधी? नीतीने नव्हे, महसुलाने केला. इंग्रजांच्या १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावची दारू सरकारी नियंत्रणाखाली आणली, माडीच्या झाडागणिक कर बसवला आणि भंडाऱ्यांच्या पिढीजात धंद्यावर गदा आणली. १८९२मध्ये ठाणे-कुलाब्यात तर मोहाची फुलं गोळा करण्यावरच कायद्याने निर्बंध आले. सरकारला लोकांनी दारू सोडायला नको होती, सरकारकडूनच घ्यायला हवी होती. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंच्या काळात दारूबंदी आली. तिच्यामागचा हेतू वेगळा होता, प्रामाणिकही होता, पण साचा तोच वापरला गेला. पुढे बंदी सैल होत गेली, आरोग्याच्या नावावर परवाने निघाले, दुकानं आली, बार आले, वाइनरी आल्या. बंदीतून एकेक गोष्ट सुटत गेली. सरकारला कर मिळेल ती प्रत्येक गोष्ट सुटली. कर मिळणार नाही ती एकच मागे राहिली.

जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय कागदावरच राहिला. त्या वादात समर्थकांनी जे वाक्य सतत वापरलं ते असं: वाइन म्हणजे दारू नव्हे. मला हे वाक्य लबाड वाटतं. वाइन ही दारूच आहे. बारा टक्क्यांच्या ७५० मिलिलिटर बाटलीत ९० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या सुरुवातीला स्वच्छ सांगितलं आहे. हृदयाला चांगली वगैरे जाहिरातबाजी मला करायची नाही. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा युक्तिवादही करणार नाही. माझ्या दोन किलो जांभळांनी बहाडोलीच्या जांभूळ बागायतदाराचं काही होणार नाही. कोकणात काजूची बोंडं झाडाखाली कुजतात आणि सीमेपलीकडे गोव्यात त्यांची फेणी होते, २००९पासून तिला भौगोलिक मानांकन आहे, हे खरं. पण तो धंद्याचा प्रश्न आहे, आणि फेणी गाळावी लागते. माझा मुद्दा छोटा आहे. जी गोष्ट विकत घेऊन पिणं सरकारला मान्य आहे, ती थोडी, स्वतःच्या हाताने, स्वतःपुरती करणं गुन्हा असू नये.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. तो शहरातल्या संस्कृतिरक्षकांचा नाही, गावातल्या बायांचा आहे. महाराष्ट्रात दारूचं दुकान बंद करायला महिला मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिलांनी आडवी बाटली निवडली की दुकानाला टाळं. ज्यांनी मार खाल्ला, मंगळसूत्र गहाण पडताना पाहिलं, त्यांनी शोधलेली ही लोकशाही आहे. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ला दारूबंदी झाली. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात आजवर किती घरं परत उभी राहिली, हे तिथे एक दिवस बसणाऱ्याला कळतं. या बायांपैकी एखादी म्हणेल: दुकान आम्ही महत्प्रयासाने गावाबाहेर घालवलं, आणि तुम्ही कारखानाच घरात आणून ठेवताय.

याचं पहिलं उत्तर, व्यसनी माणूस वर्षभर बरणीकडे बघत बसत नाही, हे अर्धंच खरं आहे. बहुतेक नाही बसत. पण मला इंग्लंडात असाही एक माणूस भेटला होता ज्याच्या घरात तीस बरण्या होत्या आणि एकही वाइन वर्षाची झालेली नव्हती. छंद हा व्यसनाला बुरखा म्हणून उत्तम शोभतो. शिवाय घरातली बाटली दिसत नाही, तिची पावती नसते, आणि ती संपते तेव्हा बायको-मुलांखेरीज कुणाला कळत नाही. या आक्षेपाला माझ्याकडे पुरेपूर उत्तर नाही. एवढंच म्हणतो, की ज्या गावाने किंवा जिल्ह्याने मतदान करून बाटली आडवी केली, तिथे माझ्या छंदाने तोंड बंद ठेवावं. उरलेल्या महाराष्ट्रात, जिथे चौकाचौकात परवाना असलेलं दुकान आहे, तिथे घरच्या बरणीला बंदी केल्याने कुठल्या बाईचा मार चुकतो ते दाखवून द्यावं.

आणखी एक गोष्ट मला टोचते. वसई, गोराई, वांद्रे इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत नाताळाला घरच्या वाइनचा पेला पुढे येतो, द्राक्षाचा, आल्याचा, जांभळाचा. ती परंपरा आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तिच्याकडे काणाडोळा होतो याचा मला आनंदच आहे. केरळात मात्र २०१९च्या नाताळाच्या तोंडावर उत्पादन शुल्क खात्याने घरगुती वाइन गुन्हा असल्याची जाहीर तंबी दिली होती. त्याच राज्याने २०२२मध्ये स्थानिक फळांपासून वाइन करणाऱ्या लहान उद्योगांसाठी वेगळे नियम केले, म्हणजे तिथे निदान विचार तरी झाला. आपल्याकडे तंबीही नाही, नियमही नाही, फक्त मर्जी आहे. मर्जी सगळ्यांवर सारखी नसते. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये कुणी अननसाची वाइन करून तिची चित्रफीत टाकली तर कौतुक होतं. भटक्या-विमुक्तांच्या पालावर नुसतं पिंप सापडलं तर मारहाण होते. कायदा एकच. ज्या कायद्याचा वार फक्त गरिबावर पडतो, त्याच्या कडकपणाचं मला कौतुक नाही.

माझी रेघ या पालावरच्या माणसाला वाचवत नाही, हे मला दिसतं. तो गाळतो आणि विकतो. मोहाची दारू करणाऱ्या आदिवासीलाही ती पुरत नाही, कारण तीही गाळलेली असते. त्याच्या हक्काचा विचार देवाधर्माच्या चालीरीतींतून व्हायला हवा, आणि अनुसूचित क्षेत्रांत १९९६च्या पेसा कायद्याने मद्याच्या नियमनाचा अधिकार ग्रामसभेला दिलेलाच आहे. माझी मागणी मध्यमवर्गीय आहे. ती तशी आहे म्हणून चुकीची ठरत नाही, पण तिला समतेचा झेंडा लावून मी फिरणार नाही.

मागणी अशी. दारूबंदी कायद्यात एक पोटकलम घालावं. २१ वर्षांवरच्या व्यक्तीने फळांपासून, आंबवून, न गाळता, घरापुरती केलेली वाइन गुन्हा नाही. वर्षाला एका घरात पन्नास लिटर. विक्री केली, एका बाटलीचीसुद्धा, तर आजचीच शिक्षा. भट्टीचं भांडं सापडलं तर आजचीच शिक्षा. अल्पवयीनाला दिली तर दुप्पट. गावाने ठराव केला तर सूट रद्द. ‘मोजणार कोण?’ असं विचारतील. आजही कोणी मोजत नाही. फरक इतकाच, की ज्याला नियम पाळायचा आहे त्याला पाळण्यासाठी एक नियम मिळेल. तोवर हे शिकायचं म्हणजे चोरून शिकायचं, आणि चोरून शिकलेल्या गोष्टीत स्वच्छतेबद्दल, सल्फाइटच्या मापाबद्दल, बाटली कधी भरायची याबद्दल कुणाला विचारता येत नाही. माझ्या तीन बाटल्या फुटल्या तेव्हा शेजारी उघडपणे मदतीला आले, म्हणून चौथी फुटली नाही.

इंग्लंडातून परतताना मी त्यांनी दिलेली एक बरणी कपड्यांत गुंडाळून आणली. पुण्यात आल्यावर बरीच वर्षं तिच्यात मनीप्लांट होता. आता मी तिच्यात व्हिनेगर करतो. व्हिनेगर केलं म्हणून कुणाच्या घरावर छापा पडल्याचं ऐकलेलं नाही. ते करायची रीत म्हणजे आधी फळाची साखर पूर्ण आंबवायची आणि मग हवेतल्या जिवाणूंना त्या अल्कोहोलचं ॲसिड करू द्यायचं. दुसरा घरगुती मार्ग नाही. या जूनमध्ये जांभळाचं घातलं. पहिले तीन आठवडे बरणीत जे होतं त्याला कायद्यात एकच नाव आहे. मग मी बूच काढून तोंडाला फडकं बांधलं, आणि दोन-अडीच महिन्यांत तो गुन्हा आपोआप आंबट झाला. काकडीच्या कोशिंबिरीवर चांगला लागतो.